सगळं सोडून लांब कुठेतरी जमीन घेऊन राहावं का?

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्यांचं वय ३६, काम डेटा अ‍ॅनालिसिसचं. घरी पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. गेली दोनेक वर्षं ते रात्री उशिरापर्यंत एआय, पाणीटंचाई, हवामान, बॅटरीला लागणारी खनिजं याबद्दल वाचत, बघत बसतात. आता त्यांची जवळजवळ खात्री झालीये की मुलगी मोठी होईपर्यंत एकतर मशीन सगळी कामं घेऊन बसतील नाहीतर पाणी, धातू, अन्न यावरून मारामाऱ्या सुरू होतील. म्हणून नोकरी सोडायची, सगळी शिल्लक घालून लांब कुठेतरी जमीन घ्यायची, स्वतःची विहीर, स्वतःचं सोलर, स्वतःचं धान्य, असं त्यांच्या मनात आहे. दुसरं मूल नकोच असंही ठरवलंय. पत्नीला दुसरं मूल हवंय, आणि त्यांचं म्हणणं असं की माणसाने आजवर प्रत्येक वेळी काही ना काही शोधलंच, याही वेळी शोधेल, तू उगाच झोप घालवतोयस. यावरून घरात खूप भांडणं होतात. ते विचारतात, "ताई, आमच्यापैकी बरोबर कोण? आणि मी बरोबर असेन तर कुटुंबाला वाचवणं माझं कर्तव्य नाही का?"

उत्तर:

आधी एक सांगते, तुमची काळजी हवेतली नाहीये. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं, कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा साधारण दीड अंश जास्त. जगात दोनशे कोटींहून जास्त लोकांना आजही खात्रीचं, सुरक्षित पिण्याचं पाणी घरी मिळत नाही. डेटा सेंटरनी २०२४ मधे जगातली दीड टक्का वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीच्या पुढे जाईल असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. हे सगळं वाचून तुम्हाला अस्वस्थ वाटतं यात चुकीचं काहीच नाही, आणि पत्नीने त्याला "उगाच" म्हटलेलं तुम्हाला का लागतं तेही मला कळतं.

पण बरोबर कोण याचं उत्तर मी देणार नाही, कारण मला तुम्ही दोघं एकच गोष्ट गृहीत धरून भांडताना दिसताय. तुमच्या मते संकट येणार, त्यांच्या मते शोध येणार, आणि दोन्हीकडे भविष्य हे पावसासारखं वरून पडतंय, माणसं नुसती खाली उभी आहेत, भिजायचं की नाही एवढाच काय तो प्रश्न. माझं भांडण या चित्राशी आहे, तुमच्या दोघांपैकी कुणाशी नाही.

एक जुनी गोष्ट बघा. १८९८ मधे विल्यम क्रुक्स नावाच्या ब्रिटिश केमिस्टने शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या सभेत अध्यक्ष म्हणून भाषण केलं आणि सांगितलं की गहू खाणारं जग लवकरच उपाशी पडणार आहे, कारण पिकाला नायट्रोजन लागतो आणि तो तेव्हा खत म्हणून यायचा चिलीच्या वाळवंटातल्या नायट्रेटमधून, ते साठे काही कायम पुरणारे नव्हते. आजच्या भाषेत रिसोर्स क्रायसिसच. पण तो घाबरवून थांबला नाही, हवेत नायट्रोजन भरपूर आहे, तो पकडायचं काम केमिस्ट लोकांनी हातात घ्या असं त्याच भाषणात म्हणाला. १९०९ ला फ्रिट्झ हाबरने प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने तीच गोष्ट कारखान्यात प्रचंड दाबाखाली कशी करायची ते सोडवलं आणि १९१३ मधे जर्मनीत ओपाऊला पहिला कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न या खतावर उभं आहे.

इथपर्यंत तुमच्या पत्नी म्हणतील की बघा, मी हेच म्हणत होते. पण गोष्ट इथे थांबत नाही. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात जर्मनीने स्फोटकं बनवली, आणि हाबरने १९१५ मधे बेल्जियममधल्या यीप्रच्या लढाईत क्लोरीन वायूचा हल्ला स्वतः उभं राहून करवून घेतला. आणि आज जास्तीचं खत नद्यांमधून समुद्रात जातं, तिथे शेवाळ माजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात असा हजारो चौरस किलोमीटरचा पट्टा तयार होतो जिथे मासे जगूच शकत नाहीत. म्हणजे टंचाई खरी होती, इशारा खरा होता, शोधही खरा होता, आणि तरी पुढे काय झालं ते कुणी तो कशासाठी वापरला, किती वापरला, कुणी अडवलं, कुणी नाही अडवलं यावरच ठरलं.

आणि शोध दरवेळी वाचवतो असंही नाही, हे मात्र पत्नीला नक्की वाचून दाखवा. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याजवळ कॉड मासा शेकडो वर्षं मुबलक होता. मग मोठ्या फॅक्टरी बोटी आल्या, पाण्यात आवाज सोडून मासा शोधणारं सोनार यंत्र आलं, मासा कुठे लपलाय ते खोल पाण्यात दिसायला लागलं. तंत्रज्ञान जितकं सुधारत गेलं तितका मासा लवकर संपला. १९९२ मधे सरकारला मासेमारी बंद करावी लागली, तीसेक हजार लोकांचं काम एका झटक्यात गेलं, आणि तीस वर्षं उलटून गेली तरी कॉड जुन्या संख्येवर आलेला नाही. तिथे शोध भरपूर होते, नव्हतं ते थांबायचं कधी हे ठरवणारं आणि सगळ्यांना पाळायला लावणारं कुणी.

याच्या उलट ओझोनचं. १९७४ मधे मोलिना आणि रोलँड या दोघांनी सांगितलं की फ्रीजमधला आणि स्प्रेमधला सीएफसी वायू ओझोनचा थर खातोय, कंपन्यांनी बरीच वर्षं ते उडवून लावलं, १९८५ मधे अंटार्क्टिकावरच्या भोकाची बातमी छापून आली आणि १९८७ मधे मॉन्ट्रियलचा करार झाला. आज तो थर हळूहळू भरून येतोय. पर्यायी वायू लागलेच, म्हणजे तंत्रज्ञान होतंच, पण कराराशिवाय ते कपाटात पडून राहिलं असतं.

आता तुमच्या बाजूच्या गृहीतकाकडे. तुम्ही पत्रात दोन-तीन वेळा लिहिलंय की धातू "संपणार". यावर एक प्रसिद्ध पैज आहे. १९८० मधे अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंच्या किमतीवर दहा वर्षांची पैज लावली, एर्लिक म्हणाले महागणार, सायमन म्हणाले स्वस्त होणार. १९९० मधे पाचही स्वस्त झाले होते, महागाई वजा करून, आणि एर्लिकनी मुकाट्याने चेक पाठवला. लोक ही गोष्ट इथेच थांबवतात. पण नंतर अभ्यासकांनी हिशोब केला तर दहा वर्षांचा तुकडा दुसरा निवडला असता तर बऱ्याच वेळा एर्लिक जिंकले असते! मला यातून एवढंच दिसतं की किमतीकडे बघून जग बुडणार की तरणार हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

धातू सहसा एका दिवशी संपत नाहीत. होतं काय की चांगल्या प्रतीचं खनिज आधी काढलं जातं, मग त्याच किलोभर तांब्यासाठी जास्त दगड फोडावा लागतो, जास्त पाणी, जास्त वीज, जास्त कचरा. आणि ते कुठून येतं ते फार थोड्या जागांमधे अडकलेलं असतं. बॅटरीत वापरतात तो कोबाल्ट घ्या, जगातला साधारण ७० टक्के एकट्या काँगोच्या खाणींमधून निघतो, तिथे काही ठिकाणी लहान मुलंही खाणीत उतरतात. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्समधल्या चुंबकांना लागणारे रेअर अर्थ धातू शुद्ध करायचं बहुतेक काम चीनमधे होतं. नवी खाण सापडल्यापासून तिच्यातून माल बाहेर यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. आणि दुसरीकडे आपण काय करतो, २०२२ मधे जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्साही नीट गोळा करून रिसायकल झाल्याची नोंद नाही, त्यात तांबं आहे, सोनं आहे, कोबाल्ट आहे. त्यामुळे मला "संपणार का" यापेक्षा "कुणाला मिळणार, कुणाच्या अंगावर त्याचा त्रास पडणार आणि वेळेत मिळणार का" हे प्रश्न जास्त खरे वाटतात, आणि या तिन्हींची उत्तरं जमिनीत पुरलेली नाहीत, ती कायद्यात, करारात, कारखान्याच्या डिझाईनमधे आहेत.

एआयचंही तसंच. तुम्ही स्वतः डेटामधे काम करता, तुमची भीती मला समजते, आणि तुमच्या कामाचा काही भाग मशीन करेल, करतंच आहे, यात मी खोटा दिलासा देणार नाही. त्याच एआयने प्रोटीनचे आकार ओळखायचं पन्नास वर्षं अडलेलं काम सोडवलं, २०२४ चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल त्याच कामाच्या वाट्याला गेलं आणि आता वीस कोटींहून जास्त प्रोटीनचे अंदाजे आकार कुणालाही फुकट बघता येतात. पण एआय कार्यक्षम झालं की वीज वाचेल असं कुणी म्हणालं तर थोडं थांबा. १८६५ मधे विल्यम जेव्हन्सने दाखवलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तेव्हा इंग्लंडमधे कोळसा कमी नाही, जास्तच जळला, कारण स्वस्त झालं की माणूस ते जास्त ठिकाणी वापरतो. कार्यक्षमतेच्या जोडीला मर्यादा नसेल तर बचत हवेत जाते, आणि मर्यादा मशीन आपणहून घालून घेत नाही.

तुम्ही व्हिडिओ बघता म्हणून एक सवय सुचवते. कुठलीही बातमी बघितली, भीतीची किंवा आनंदाची, की तीनच गोष्टी शोधायच्या: किती, कधी, कुणासाठी. उदाहरण देते. डिसेंबर २०२२ मधे अमेरिकेत फ्यूजनचा, म्हणजे सूर्यासारखे हलके अणू जोडून ऊर्जा काढायचा, मोठा प्रयोग यशस्वी झाला, लेझरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि ३.१५ बाहेर आली. खरंच ऐतिहासिक गोष्ट. पण ते लेझर चालवायला भिंतीतून साधारण ३०० मेगाज्यूल वीज ओढली गेली होती. म्हणजे विज्ञान म्हणून विजय, वीजघर म्हणून अजून खूप लांब. त्याच काळात सोलर पॅनेल एका दशकात जवळपास ९० टक्क्यांनी स्वस्त झाले, आणि त्यावर व्हिडिओ कमी बनले कारण त्यात धमाका नाही. मला विचाराल तर पुढच्या पंचवीस वर्षांसाठी दुसरी बातमी कितीतरी मोठी आहे.

आता जमिनीचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण अशी पत्रं मला बऱ्याच जणांची येतात आणि सगळ्यांच्या मनात तोच एक आराखडा असतो, लांब जागा, कुंपण, आपलं आपण.

शेती करायची आवड असेल, माती हातात घेतल्यावर बरं वाटत असेल, तर जा, तो वेगळा आणि चांगला निर्णय आहे. पण सुरक्षिततेसाठी जात असाल तर कागद घ्या आणि तुमच्या त्या स्वयंपूर्ण घराची यादी करा. सोलर पॅनेल, इन्व्हर्टर, बॅटरी, पंप, पाइप, बी, औषधं, चष्मा, मुलीच्या लसी, दात दुखला तर डॉक्टर. प्रत्येक वस्तूपुढे लिहा की ही बिघडली तर कुठून येणार. तुमच्या लक्षात येईल की ज्या जगापासून तुम्ही पळताय त्याच जगाच्या कारखान्यांवर ते घर चालतं, फक्त आता तुम्ही दुकानापासून आणि दवाखान्यापासून लांब आहात. विहिरीचं तर अजूनच सरळ आहे, जमिनीखालचं पाणी कुंपण ओळखत नाही, आजूबाजूच्या सगळ्यांनी उपसलं तर तुमचीही विहीर आटणार. जगात माणूस जितकं गोडं पाणी उपसतो त्यातलं साधारण ७० टक्के शेतीला जातं, तेव्हा पाण्याचा प्रश्न तुम्ही जिथे जाऊन सोडवू बघताय तिथेच तो सगळ्यात जास्त भेटणार आहे.

आणि माणसं संकटात वाचतात कशी याचा एक खरा दाखला. जुलै १९९५ मधे शिकागोत भयानक उष्णतेची लाट आली, आठवडाभरात सातशेहून जास्त माणसं गेली. नंतर अभ्यास झाला तेव्हा शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांमधे मृत्यूच्या प्रमाणात फार मोठा फरक सापडला. गरिबी दोन्हीकडे, एकटी राहणारी म्हातारी माणसं दोन्हीकडे, उन्हाळा तर तोच. फरक असा होता की एका वस्तीत रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, माणसं एकमेकांना ओळखत होती, कुणी दोन दिवस दिसलं नाही तर दार वाजवलं जात होतं. दुसऱ्या वस्तीतून लोक आणि दुकानं निघून गेली होती, उरलेली माणसं भीतीने दारं-खिडक्या लावून बसली होती. तुमच्या आराखड्यात तुम्ही तुमच्या मुलीला दुसऱ्या वस्तीत नेताय असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मग कुटुंबाला वाचवायचं कर्तव्य नाही का? आहे. पण ते राहता तिथेच पार पाडता येतं आणि जास्त चांगलं पार पडतं. तुमच्या इमारतीत किंवा गल्लीत उन्हाळ्याच्या लाटेत कुणाकडे लक्ष द्यावं लागेल याची यादी आहे का? मुलीच्या शाळेत वर्ग किती तापतात, पाणी कुठून येतं, कुणी विचारलंय का? तुमच्याकडे डेटा वाचायची कला आहे, जी बहुतेक पालिकांमधे, पाणी समित्यांमधे कुणाकडेच नसते, गळती कुठे होते, मीटर काय सांगतात हे बघणारा एक माणूस पुष्कळ पाणी वाचवू शकतो, कितीतरी शहरांत नळाचं पाणी घरापर्यंत पोचायच्या आधीच बराच भाग वाटेत गळून जातो. आठवड्याचे तीन-चार तास त्याला द्या. भीतीला काम मिळालं की ती जरा माणसात येते.

पैशाचं म्हणाल तर सगळी शिल्लक एका जमिनीत घालणं म्हणजे एकाच भविष्यावर पैज लावणं, आणि पैजेचं काय होतं ते वर बघितलं. त्यापेक्षा सहा-आठ महिने घर चालेल एवढी रक्कम पटकन हातात येईल अशी ठेवा, कर्ज कमी करा, आणि असं एखादं कौशल्य शिका जे कुठल्याही भविष्यात लागेल, वायरिंग, पंप दुरुस्ती, प्रथमोपचार, जे आवडेल ते. दुरुस्ती येणारा माणूस टंचाईतही हवा असतो आणि भरभराटीतही. एआय तुमच्या कामात येतंय तर ते टाळू नका, वापरायला शिका, आणि ऑफिसमधे ते कशासाठी वापरायचं हे ठरवणाऱ्या चर्चेत बसा, तुम्ही उठून गेलात तर त्या खुर्चीवर तुमच्याइतकी काळजी करणारा माणूस बसेलच असं नाही.

दुसऱ्या मुलाबद्दल. हो की नाही हे मी सांगणार नाही, तो तुमच्या दोघांचा विषय आहे. फक्त जगाची लोकसंख्या वाढतच जाणार या समजावर नकार उभा असेल तर तो समज जुना झालाय. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार माणसांची संख्या २०८० च्या दशकात साधारण १०३० कोटींवर जाऊन मग कमी व्हायला लागेल, आणि कितीतरी देश आताच कमी जन्मांमुळे चिंतेत आहेत. दुसरं मूल जग बुडवणार नाही. ते तुम्हाला हवंय का, झेपेल का, तब्येत, पैसा, वेळ, एकमेकांची साथ, यावर बोला. आणि हेही खरं की या काळात मूल नको वाटणं यात भित्रेपणा नाही, पत्नीने तसं म्हणू नये. पण तो नकार तुमचा स्वतःचा आहे की रात्री दोन वाजता बघितलेल्या व्हिडिओचा, हे तुम्हालाच तपासावं लागेल. जिच्यामुळे ही सगळी काळजी सुरू झाली ती पाच वर्षांची मुलगी पत्रात जेमतेम उल्लेखापुरतीच येते. तिला काय आवडतं, ती काय विचारते, मला काहीच कळलं नाही.

पत्नीशी बोलताना आकडे घेऊन बसू नका, भांडण होईल. त्यांना विचारा की शोध लागला तरी तो आपल्यापर्यंत आणि आपल्याहून गरीब माणसांपर्यंत पोचावा यासाठी आपण दोघं काय करू शकतो. त्यांच्या आशेला काम द्या, जसं मी तुमच्या भीतीला देतेय. तुम्ही दोघं मिळून एका माणसाला पुरेशी सावधगिरी आणि पुरेसा भरवसा बाळगून आहात, तो फक्त दोन खोल्यांमधे वाटला गेलाय.

शेवटचं म्हणजे झोप, आणि हे मी किरकोळ म्हणून शेवटी ठेवलेलं नाही. दोन वर्षं रात्री उशिरापर्यंत अशा बातम्या बघणं शरीराला आणि डोक्याला झेपत नाही. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा, वाचन हवं तर दिवसा ठराविक वेळेत करा. महिनाभर हे करूनही झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा, भविष्याच्या काळजीने आजारी पडलेली माणसं त्यांनी पुष्कळ बघितलेली असतात. जमिनीचा व्यवहार निदान वर्षभर पुढे ढकला. तेवढ्या काळात एक-दोन वेळा अशा जागी आठवडाभर तिघं राहून बघा, त्या यादीतल्या वस्तू खरंच तिथे मिळतात का ते बघा, शेजारी कोण आहे ते बघा, आणि मग पत्नीबरोबर बसून ठरवा, पण नीट झोप लागायला लागल्यानंतरच.